हिवाळ्यात पावसाळी बोगद्यात उतरताना: सामान, पाणी आणि परतीची वाट

पाणथळ (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल आणि मिनिआपोलिस या जोडशहरांच्या पोटात पावसाचं पाणी मिसिसिपीत सोडणारे बोगदे आहेत. वर प्लॅटव्हिल चुनखडकाची पाटी, तिच्याखाली सेंट पीटर वालुकाश्म. हा दगड इतका मऊ की नखाने खरवडला तरी वाळू सुटते. त्यातच बोगदे खोदून आत काँक्रीटचं अस्तर दिलंय आणि त्यांची तोंडं नदीकाठच्या कड्यात उघडतात.

जानेवारी-फेब्रुवारीत चार जणांनी अशा एका बोगद्यात तोंडापासून ४०० मीटर आत जाऊन अस्तराच्या भेगांचे फोटो काढायचे, असा बेत आहे. परवानगीच्या अर्जाला लेखी सुरक्षा आराखडा जोडायचा आहे. बोगदा २ मीटर व्यासाचा, एरवी पाणी घोट्याएवढं.

१. हिवाळ्यात पावसाची भीती नाही असं धरून चालेल का?
२. वेडर्स (पायांपासून छातीपर्यंतचा पाणी न शिरणारा पोशाख) घ्यावेत की वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख)?
३. गॅस मीटर कोणता आणि कसा वापरायचा?
४. लोक हमखास काय विसरतात?

गाळउपशा

पहिल्याचं उत्तर: नाही. तेवढं नीट समजून घ्या, बाकीचं दुकानात मिळतं.

प्रवाहाचं गणित सोपं आहे. अपवाह गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा हिस्सा) गुणिले ताशी पाऊस (मिमी) गुणिले पाणलोट (हेक्टर), भागिले ३६०. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. १०० हेक्टर वस्ती, गुणांक ०.८ आणि ताशी ५ मिमी पाऊस धरा. छत्री उघडावी की नको असा हा पाऊस. उत्तर येतं १.१. तुमच्या २ मीटर व्यासाच्या काँक्रीट नळाला दर २०० मीटरला १ मीटर उतार असेल, तर हे पाणी सुमारे ४३ सेंटिमीटर खोल आणि सेकंदाला २.२ मीटर वेगाने वाहील. खोली गुणिले वेग ०.९५.

ऑस्ट्रेलियातल्या पूरविषयक मार्गदर्शनात धडधाकट प्रौढासाठी हा गुणाकार ०.६ पर्यंत कमी धोक्याचा, ०.८ च्या पुढे गंभीर मानतात. तोही बऱ्यापैकी पाय रोवता येईल अशा तळावर. शेवाळलेल्या गोल तळाच्या नळात त्याच्या निम्म्यावरच पाय सुटतो. म्हणजे गुडघ्याखालच्या पाण्यात माणूस आडवा होतो आणि एकदा आडवा झाला की त्या वेगात उठत नाही.

आता थंडीकडे या. ढग नसतानाही पाणी येतं:

बर्फ वितळणं. दिवसाची सरासरी शून्याच्या वर जितके अंश, त्या प्रत्येक अंशामागे साधारण ३ ते ५ मिमी पाणी. सरासरी ५ अंश असेल तर दिवसाला २० मिमी धरा. ते चोवीस तासांत वाटून येत नाही, बरंचसं दुपारच्या पाच-सहा तासांत उतरतं. म्हणजे ताशी सव्वातीन मिमी. वरच्याच बोगद्यात ३५ सेंटिमीटर पाणी, वेग सेकंदाला जवळजवळ २ मीटर. शहरात बर्फ सगळीकडे सारखा नसतो, नांगरून रचलेले ढीग सावकाश वितळतात, म्हणून ही वरची मर्यादा समजा. पण आकाश निळं आणि आत पूर, हे शक्य आहे.

गोठलेल्या जमिनीवरचा पाऊस. सगळ्यात वाईट. माती एक थेंब पीत नाही, गुणांक १ च्या जवळ जातो, वर बर्फाचं पाणी मिळतं.

फुटलेली जलवाहिनी. कडाक्याच्या थंडीत जुने बिडाचे पाइप फुटतात आणि ते पाणी सरळ पावसाळी गटारात. याचा अंदाज कुठल्याच हवामान खात्याकडे नसतो.

मीठ. रस्त्यावर टाकलेलं मीठ उणे ९ अंशांपर्यंत बऱ्यापैकी काम करतं, त्यामुळे ऊन पडलं की शून्याखालीही थोडं वाहतंच.

माझा नियम असा राहील: आधीचे ४८ तास पारा सतत उणे ५ च्या खाली, त्या दिवशीचा कमाल अंदाजही उणे ५ च्या खाली, पहाटे साडेसहाला आत, अकराच्या आत बाहेर. चॅनहॅसनच्या हवामान कार्यालयाचा तासागणिक अंदाज आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा पाहायचा. एकही अट मोडली तर घरी जाऊन पोहे खा.

वरळीकर

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. आणि एक तारीख लक्षात ठेवा. २६ जुलै म्हटलं की आपल्याला २००५, सांताक्रूझ आणि ९४४ मिमी आठवतं. सेंट पॉलमध्ये २६ जुलै २००७ ला पावसाळी बोगद्यात दुरुस्तीचं काम करणारे दोन कामगार अचानक आलेल्या सरीच्या पाण्यात वाहून गेले. ते शिकाऊ नव्हते, कामावरच होते. पाऊस वर पडतो आणि आतल्याला तो दिसत नाही, एवढं एक कारण पुरतं.

अवांतर: ज्याला तुम्ही बोगद्याचं तोंड म्हणताय त्याला मुंबई पालिकेच्या कागदांत ‘पातमुख’ म्हणतात. चांगला शब्द आहे, वापरा.

बावखोल

पाणी वाढलं तर जवळच्या मॅनहोलने वर यायचं, असं आराखड्यात लिहिलं तर चालेल ना? दर शंभरेक मीटरला एक असेलच.

गाळउपशा

नाही चालणार, आणि हिवाळ्यात तर मुळीच नाही.

बिडाचं झाकण ५० ते ७० किलोचं. ते खालून, एका हाताने शिडी धरून, डोक्याने उचलायचं. त्यावर गाडी उभी असू शकते. हिवाळ्यात झाकणाच्या कडेला मिठाचं पाणी शिरून गोठतं, वर बर्फनांगराने लोटलेला टणक ढीग. वाळूखडकातले बोगदे खोल असतात, म्हणजे त्या झाकणापर्यंत वीस-तीस मीटरची उभी विहीर. तिच्या लोखंडी पायऱ्या मिठाने आतून खाल्लेल्या असतात. वरून जाड दिसणारी पायरी भिंतीत शिरते तिथे पेन्सिलएवढी उरलेली असते. पाणी जोरात आलं तर दाबलेली हवाही त्याच विहिरीतून वर सुटते, प्रसंगी झाकण उडवते.

आराखड्यात एकच वाट लिहा: ज्या पातमुखातून आत, त्यातूनच बाहेर. मॅनहोलची विहीर ही फक्त पाण्यावर राहायची जागा, तीही पायऱ्या शाबूत असतील तर.

म्हणूनच खालून वर, प्रवाहाच्या उलट आत जायचं. जाताना दमता, येताना पाणी तुमच्या बाजूने असतं. वरच्या टोकाने उतरून खाली चालत जाणं ही चूक. खाली जाळी असेल तर पाणी तुम्हाला तिच्यावर दाबून धरतं. आणि वाटेत विहिरीतून पाणी खाली आपटणारी टप्प्याची जागा असेल तर तिच्या पायाशी भोवरा असतो, त्यात गेलेली वस्तू बाहेर येत नाही.

पिवळा_कॅनरी

गॅसचं मी घेतो.

चार वायूंचा मीटर घ्या: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. इशाऱ्याचे आकडे नेहमीचेच ठेवा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ च्या वर, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या (हवेत पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १० टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग), कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएम.

लोक इशारा वाजायची वाट बघतात. ते चुकीचं आहे. स्वच्छ हवेत ऑक्सिजन २०.९ असतो आणि हवेचा तो साधारण पाचवा हिस्सा. मीटर २०.७ वर आला म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या वायूने १ टक्का जागा घेतली. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. तो कोणता, हे चार खिडक्यांपैकी एकही सांगत नसेल तर परत फिरा. ०.२ ची घट कारण कळेपर्यंत दुर्लक्षायची नाही.

नाकावर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास १०० पीपीएमच्या आसपास येईनासा होतो, कारण नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं वाटून माणूस पुढे जातो.

ज्वलनशील वायूचा जुन्या पद्धतीचा मणी-सेन्सर जळण्यावर चालतो, त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फारच कमी असेल तर तो खोटा शून्य दाखवेल. म्हणून आधी ऑक्सिजनचा आकडा वाचायचा, मग बाकीचे. सिलिकॉनच्या वाफेने हाच मणी मरतो. त्यामुळे बुटांना सिलिकॉनचा फवारा मारायचा असेल तर मीटरपासून लांब.

दर मोहिमेआधी चाचणी-वायू देऊन मीटर वाजतो का ते बघा. नुसतं चालू करून हिरवा दिवा बघणं म्हणजे चाचणी नव्हे. शून्य लावायचं ते मोकळ्या हवेत. चालू गाडीच्या मागे उभं राहून शून्य लावलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइडच ‘शून्य’ ठरतो आणि पुढचे सगळे आकडे कमी दिसतात.

थंडीतली खास गंमत: बाहेर उणे १५, आत ८ ते १० अंश आणि पूर्ण दमट. गार मीटर आत नेला की चष्म्यासारखं त्यावर दव धरतं आणि सेन्सरच्या जाळीवर पाण्याचा पडदा बसतो. आकडे स्थिर दिसतात, कारण हवाच आत पोचत नसते. मीटर अंगरख्याच्या आत गरम ठेवा, आत शिरल्यावर बाहेर काढा, जाळी पुसा.

चालताना तो छातीला असतो, पण साचलेला गाळ ढवळला की वायू खालून सुटतो. डबक्यापाशी आधी काठीने गाळ हलवा, मीटरच्या पंपाची नळी गुडघ्याच्या उंचीला धरा आणि थांबा. नळीच्या दर मीटरला ३ सेकंद, वर सेन्सरला लागणारा वेळ. धरून चाला २ मिनिटं.

नदीकाठ

हिवाळ्यात बोगद्यात हवा खेळती असते ना? मग गॅसचा इतका बाऊ का?

पिवळा_कॅनरी

खेळते, हे खरं. आतली उबदार हवा विहिरींतून वर जाते आणि पातमुखातून थंड हवा आत ओढली जाते, धुराड्यासारखी. पण झाकणांच्या भोकांवर बर्फ बसला आणि पातमुखावर बर्फाचा पडदा उतरला की दोन्ही टोकं बंद. मग आत गुहेसारखी हवा. २००४ मध्ये सेंट पॉलच्याच एका गुहेत तीन किशोर कार्बन मोनॉक्साइडने दगावले. म्हणून आत शेगडी नाही, मशाल नाही, मेणबत्ती नाही, हात शेकायला काहीही पेटवायचं नाही. पातमुखापाशी जनरेटर लावायचा असेल तर तोंडापासून दूर. नाहीतर त्याचा धूर तोंडातून तुमच्या मागोमाग आत.

हुडहुडी

कपडे आणि थंडी.

सुती काही नको, अंतर्वस्त्रंसुद्धा. आत पातळ लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस, वरून जाड पीव्हीसीचा झगा. हातात निट्राइलचा लेप असलेले विणलेले मोजे, एक जोड जास्त.

गार पाण्यात पडलात तर १-१०-१ लक्षात ठेवा. पहिलं १ मिनिट दम लागतो, श्वास आवरत नाही. तेवढ्यात तोंड पाण्याबाहेर ठेवणं एवढंच काम. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे. शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे गारठून मरण्याआधी बोटं मरतात: बकल उघडत नाही, दोर पकडवत नाही. मिठाचं पाणी पातमुखापाशी शून्याखालीही न गोठता वाहतं, तिथे हे आकडे आणखी आखडतात.

वेडर्स की वेटसूट: घोट्याएवढ्या पाण्यात छातीपर्यंतचे वेडर्स, कमरेला पट्टा करकचून, बूट वेगळे. ‘वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो’ हे खरं नाही, पाण्यात पाण्याचं वजन जाणवत नाही. पण ते भरल्यावर उभं राहता येत नाही आणि काठावर चढता येत नाही, हे मात्र खरं.

बुटांचा तळ: शेवाळावर नमदा (फेल्ट) चांगला धरतो, पण तोच ओला नमदा बाहेर बर्फात आला की त्यावर बर्फाचे गोळे चढतात आणि माणूस खडावांवर चालल्यासारखा चालतो. मऊ रबरी तळ घ्या. पातमुखापाशी त्यावर साखळीचे काटे चढवा आणि आत काँक्रीट लागलं की उतरवा.

परत येतानाचा घोळ कोणी लिहीत नाही. ओले वेडर्स घालून उणे १५ मध्ये आलात की दोन मिनिटांत बकलं आणि चेन गोठतात. थर्मासमध्ये प्यायच्या चहाशिवाय एक लिटर कोमट पाणी वेगळं ठेवा, बकलांवर ओतायला. कोरडे कपडे बंद पिशवीत, प्रत्येकाचे वेगळे, पातमुखापाशी. गाडीत नकोत. गाडी कड्याच्या वर असते.

सांदीफट

वेटसूटच. ५ मिमी. वेडर्स हे पडायचं नाही असं गृहीत धरून घालायचं सामान. मोहिमेतला वाईट क्षण तोच की माणूस पडतो.

हुडहुडी

अर्धा तास पाण्यात उभं राहून फोटो काढायचे असतील तर वेटसूटमध्ये पाय गारठतात. पाणी घोट्याच्या वर चढायला लागलं की परत, हा नियम पाळला तर वेडर्स पुरतात. नियम मोडणार असाल तर तुमचं बरोबर.

सांदीफट

असो. बर्फाचं आणि दिव्यांचं लिहितो.

पातमुखापासून पहिले वीस-तीस मीटर धोक्याचे. तिथे पाणी वर गोठतं, मग खालची पातळी उतरते आणि मध्ये पोकळी राहते. वर पाय ठेवला की पाय पोकळीतून खाली. काठी आधी, पाय नंतर. काठी दीड मीटरची, टोकाला लोखंड. विहिरींच्या खाली बर्फाचे खांब लोंबत असतात. पारा चढला की ते आधी सुटतात, म्हणून विहिरीखाली उभं राहून फोटो नको, ओलांडून जा. अस्तर जिथे फुटलंय तिथे पाण्याने मागची वाळू धुऊन नेलेली असते. भेग दोन बोटांची, मागे खोली. तुम्ही भेगांचेच फोटो काढायला चाललात, तेव्हा भिंतीला टेकू नका आणि भेगेलगतच्या तळावर काठी आपटून बघा, पोकळ आवाज येतो.

दिवे माणशी तीन, एकमेकांपासून स्वतंत्र. मुख्य डोक्यावर, ३०० ल्यूमेन पुष्कळ; धुक्यात जास्त उजेड उलटा डोळ्यात येतो. साधे अल्कलाइन सेल उणे २० ला निम्म्याहून कमी चालतात. त्यांच्या जागी लिथियमचे एकदाच वापरायचे सेल घ्या, ते उणे ४० पर्यंत चालतात. पुन्हा भरायच्या लिथियम बॅटरीला शून्याखाली चार्जर लावायचा नाही, आतून कायमची बिघडते.

हेल्मेट: बांधकामाचं, युरोपी ३९७ मानकाचं असेल तर त्याचा हनुवटीचा पट्टा ओढ बसली की मुद्दाम सुटतो. गिर्यारोहणाचं, १२४९२ चं, मुद्दाम सुटत नाही. पाण्यात अडकण्याची भीती असेल तिथे सुटणारा बरा, खाली पडण्याची असेल तिथे न सुटणारा. इथे मी पहिला घेईन.

दोर: एकमेकांना बांधून घ्यायचं नाही. वाहत्या पाण्यात बांधलेला माणूस दोराच्या टोकाला पाण्याखाली दाबला जातो. १५ ते २० मीटरची फेकायची दोरपिशवी पातमुखावरच्या माणसाकडे.

पाणथळ

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. चारपैकी एक बाहेर ठेवतो. वॉकीटॉकी चालेल का?

गाळउपशा

पहिल्या वळणापर्यंत. पुढे काँक्रीट आणि माती रेडिओ खातात. वळणावर एक माणूस उभा राहिला की त्याला आतला दिवाही दिसतो आणि बाहेरचाही. मग आत दोन, वळणावर एक, बाहेर एक. फोटो काढणारा आणि मीटर वाचणारा एकच असता कामा नये, म्हणजे दोघं त्यातच गुंतले आणि काठीने तळ तपासायला कोणी नाही. पाचवा माणूस शोधा.

शिट्टीचे संकेत आधी ठरवा: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे बाहेर. घुमणाऱ्या बोगद्यात याहून लांबचं काही मोजता येत नाही.

बाहेरचा दर १० मिनिटांनी रडार बघेल. आतले दर ५० मीटरला भिंतीवर खडूने पाण्याची रेघ आणि वेळ लिहितील. परतताना रेघ ५ सेंटिमीटर बुडालेली दिसली तर फोटो संपले. रेघेआधीही खुणा मिळतात: तोंडावर येणारा वारा एकदम बदलतो, पाणी गढूळ होतं, पानं-बाटल्या वाहत येतात, बाजूच्या नळांतून थेंबांऐवजी धार ऐकू येते. यातली एक खूण पुरे. मेलबर्नच्या केव्ह क्लॅन या नाले-बोगदे धुंडाळणाऱ्या गटाचा जुना नियम ‘पाऊस आला की नाला बंद’ असा आहे, तो इथे ‘वितळायला लागलं की नाला बंद’ असा वाचा.

वरळीकर

बाहेरच्या माणसाच्या पानावर ठळक लिहा: आतलं कोणी कोसळलं तर आत धावायचं नाही, ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये ६० टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेलेच असतात, असं अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये म्हटलं होतं.

पिवळा_कॅनरी

छोटी दुरुस्ती: नायोशच्याच १९९४ च्या आढाव्यात तो आकडा ३६ टक्के आहे. म्हणजे तीनात एक. सूचना तीच.

आणि अमेरिकेत पगारी कामगारांसाठी अशा जागांचा नियम आहे: बाहेर कायम एक पहारेकरी, पहाऱ्यात अडथळा येईल असं दुसरं काम त्याच्याकडे नाही. तुम्ही स्वयंसेवक असलात तरी आराखडा त्याच साच्यात लिहा, तपासणारा तोच साचा शोधेल. परवानगी आली नाही तर मात्र विषय संपला, विनापरवाना शिरणं हा गुन्हा. तोवर रस्त्यावरच्या गटारजाळ्या साफ ठेवायच्या असतील तर मिनेसोटात ‘ॲडॉप्ट अ ड्रेन’ हा उपक्रम आहे, तिथे कोणाची ना नाही.

वरळीकर

लेप्टोबद्दल (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा आजार) कोणीच बोललं नाही. मुंबईत पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना पालिका ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यायला सांगते. तिथल्या गोठणाऱ्या पाण्यात जंतू तितके टिकत नाहीत, पण उंदीर आतल्या उबेलाच येतात. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आतली हवी, हिपॅटायटिस ए ची घेतलेली असावी. हाताला जखम असेल तर त्या दिवशी बाहेरचा पहारा तुमचा. नंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना ‘गटारात उतरलो होतो’ हे आपणहून सांगा, ते विचारणार नाहीत.

पाणथळ

पाचवा माणूस मिळाला. आराखडा असा: पाच जण, ४०० ऐवजी पहिल्या वळणापुढे १०० मीटर, उणे ५ ची अट, अकराला बाहेर. आता शेवटची शंका. वेडर्स दोन वर्षं पडून आहेत, गळतात का हे कसं बघू? टबमध्ये पाणी भरून?

हुडहुडी

अंधाऱ्या खोलीत टॉर्च पायाच्या टोकाशी सोडा आणि बाहेरून बघा, मोठी भोकं चमकतील. बारीक भोकांसाठी, वेडर्स घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचे असतील तर, उलटे करून आतून रबिंग अल्कोहोल फवारा. भोक असेल तिथे गडद ठिपका उमटतो. पेनाने गोल करा, वाळू द्या, ठिपक्यावर युरेथेनचा गोंद, रात्रभर सुकवा. शिवणी, गुडघे आणि मांड्यांच्या आतली बाजू आधी. परत आल्यावर साध्या पाण्याने मीठ धुवा, उलटे टांगा. हीटरवर टाकू नका, चिकटपट्ट्या सुटतात.